बाईसाहेबांचा पेला

१

तळ्यातले सगळे मासे मेले होते, आणि तरीही बाईसाहेबांनी पेला हातात घेतला.

घ्यावाच लागला. समोर पाहुणे बसले होते. न्याहारीच्या टेबलांवर फळं कापून ठेवलेली, अंडी निवत चाललेली, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. भोजनगृहाची ती बाजू उघडी होती. पायरीला लागून तळं, तळ्याच्या अलीकडच्या काठाला दगडी कारंजं. पलीकडच्या काठाला, गाळणीच्या नळाच्या तोंडापाशी, मासे पोटं वर करून एकमेकांवर चढल्यासारखे पडले होते. लाल, पांढरे, सोनेरी. जिवंतपणी सगळ्या तळ्यात विखरून असायचे, मरताना मात्र एकाच कोपऱ्यात जमले होते.

या जागेची सारी कीर्ती त्या तळ्यावर होती. बाहेर फलक होता : ‘चैन करा, मनाला बोचणी न लागता.’ पाहुण्यांच्या न्हाणीघरांतलं आणि स्वयंपाकघरातलं सांडपाणी टेकडीच्या उतारावर पाणकणसांच्या वाफ्यांत सोडायचं. ती उंच, पात्यांची झाडं मुळांनी घाण खातात. वाफ्यामागून वाफा असं झिरपत पाणी खाली उतरायचं, वाळू-कोळशाच्या गाळणीतून जायचं, या तळ्यात पडायचं आणि तिथून खालच्या बागेला जायचं. रोज न्याहारीला बाईसाहेब कारंज्याखाली चांदीचा पेला धरायच्या आणि पाहुण्यांदेखत पाणी पिऊन टाकायच्या. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग त्यांना मऊ गाद्या, गरम पाण्याचे टब आणि सरोवराकडे उघडणाऱ्या खिडक्या यांचं काही वाटेनासं व्हायचं.

“काय बाईसाहेब, आज पिणार ना?” रेशमी झग्यातल्या एका पाहुण्याने विचारलं. त्याचे केस ओले होते आणि आवाजात काटा होता. “की आज उपास?”

बाईसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की शेजारच्या टेबलावरच्या बाई उगाचच सरळ बसल्या. मग त्या कारंज्यापाशी गेल्या. पेला भरला. ओठांकडे नेला.

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेले मास्तर उठले. ओरडायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. आयुष्यभर मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं तरी ऐन वेळी आवाज न फुटण्याची त्यांची खोड काही गेली नव्हती. आचाऱ्याच्या हातातलं तबक खाली आदळलं. झग्यातला पाहुणा स्वतःच दचकून मागे सरला. बाईसाहेबांचा मुलगा कारंज्यालगतच्या खांबाला टेकून चहा ढवळत होता. आणि आतल्या दारातून त्यांची सून धावत आली, तिने सासूचं मनगट पकडलं आणि पिरगाळलं.

पेला उडाला. पाणी मास्तरांच्या बाहीवर सांडलं.

“माझ्या अंगावर हात?” बाईसाहेबांचा आवाज इतका हळू होता की सगळ्यांना ऐकू गेला. “पाहुण्यांसमोर?”

“आई, मासे मेलेत! डोळे आहेत ना तुम्हाला?”

“आहेत. म्हणूनच दिसतंय. तुझ्या वाफ्यांनी मारले. ज्या घाणीचं अमृत करून दाखवते म्हणालीस, ती घाणच राहिली.” मनगट चोळत त्या मास्तरांकडे वळल्या. “परीक्षकसाहेब, तुम्ही आलातच आहात तर लिहा. वाफे निकामी. फाटकाशी माती लोटायचं यंत्र उभं आहे. तुमची सही झाली की संध्याकाळच्या आत वाफे बुजवते आणि तिथे सरोवराकडे तोंड असलेल्या नव्या खोल्या बांधते.” मग सुनेकडे न बघता, “आणि ही आपलं सामान घेऊन जाईल. अशा इंजिनिअरला कोण काम देतं ते बघूच.”

मास्तर ज्या संस्थेकडून आले होते ती हॉटेलांना ‘हिरवं पान’ देत असे, म्हणजे ही जागा निसर्गाला ओरबाडत नाही अशी ग्वाही. गेल्या वर्षी दिलेलं पान पुन्हा द्यायचं की काढून घ्यायचं एवढंच त्यांना ठरवायचं होतं. कोणाचा संसार आणि कोणाची अब्रू आपल्या लेखणीवर टांगलेली असेल, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

त्यांनी बाही नाकाशी नेली. काहीतरी वास होता, ओळखीचा, धुलाईच्या दुकानासारखा. पण शर्ट धुलाईवाल्याकडूनच आला होता. आपलं नाक म्हातारं झालं, असं म्हणून त्यांनी बाही खाली केली.

तेवढ्यात मुलगा जवळ आला. देखणा, मृदू, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. आईला रुमाल देऊन, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो आता मास्तरांपाशी पोचला होता.

“मास्तर,” तो कानाशी कुजबुजला, “मासे म्हातारे होते, असं लिहिता नाही येणार?”

२

सून पंपाच्या खोलीत सापडली. जमिनीवर गोणपाट अंथरून तिने पंप उकलून ठेवला होता आणि कोपरापर्यंत हात ग्रीसने माखले होते.

“बोला,” ती म्हणाली. “निकाल लिहून झाला? की माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचंय?”

“नाही, मी... मला फक्त विचारायचं होतं.”

“विचारा. सगळेच विचारतायत. न विचारता सांगणाऱ्या एकट्या आमच्या सासूबाई.”

मास्तर दारातच उभे राहिले. आत या असं तिने म्हटलं नाही आणि त्यांनाही ते सुचलं नाही. त्यांनी विचारलं, वाफे असे एकाएकी बिघडू शकतात का?

“माझ्या डोळ्यांसमोर असते तर सांगितलं असतं. दुसरीकडे धरणाचं काम करते मी. घरी येते सणावारासारखी, आणि स्वागतही तसंच होतं.” तिने पाना आपटला. “काल संध्याकाळी आले. आता वाफ्यांकडे निघाले, तर बाईसाहेबांनी माणूस उभा केला. पुरावा नष्ट करीन म्हणे. माझेच वाफे, आणि मलाच पाय ठेवायची बंदी.”

“आणि हा पंप?”

“बोअरचा. काल सगळे चहा घेत होतो, तेव्हा ह्याचा खडखड आवाज आला. मी म्हटलं, बंद करते, बेअरिंग गेलंय, उद्या उघडते. बोअरचं पाणी काय, वरच्या बागेला. एक दिवस झाडं तहानली तर मरत नाहीत.” मग वर बघून, “मास्तर, एक करा. शेवटच्या वाफ्यात गोगलगायी आहेत का बघा. मीच सोडल्या होत्या. पाण्यात इवलंसं विष आलं तरी माशांच्या आधी त्या मरतात. त्या मेल्या असतील तर यंत्राची किल्ली मीच फिरवते.”

“आणि जिवंत असल्या तर?”

“तर मला येऊन सांगा. कोणीतरी मला काहीतरी बरं सांगून बरेच दिवस झाले.”

उतारावर उभ्या केलेल्या माणसाने मास्तरांना अडवलं नाही. या वाकलेल्या, चष्मा सावरत चालणाऱ्या म्हाताऱ्याकडून कशालाच धोका नाही, हे कोणालाही बघताक्षणी पटायचं.

शेवटचा वाफा गाळणीच्या अगदी वर होता. हिरवागार. पाती मास्तरांच्या डोक्याच्या वर गेलेली. त्यांनी गुडघे टेकले. देठाला गोगलगायी चिकटलेल्या होत्या, शिंगं बाहेर काढून सावकाश चाललेल्या. एका बेडकाने त्यांच्या बुटावरून उडी मारली.

जिवंत! मास्तरांना आनंद झाला आणि लगेच त्यांना आपल्या आनंदाची शंका आली. गोगलगायी जिवंत म्हणजे वरून विष आलं नाही. पण मग मासे?

ते वर चढत गेले. आणि जसजसे वर गेले तसतसं त्यांना काहीतरी डाचू लागलं. त्याच्या वरचा वाफा जरा बुटका. त्याच्या वरचा फिकट. आणि सगळ्यात वरचा, जिथे सांडपाणी पहिल्यांदा पडतं, जिथे पंगतीत आधी बसलेल्यांप्रमाणे झाडांनी ताव मारून माजायला हवं, तिथली पाती पिवळी, किरटी, उपाशी पोरांसारखी.

उलटं होतं. सगळं उलटं होतं. की आपणच पुस्तकात उलटं वाचलं?

त्यांनी पहिल्या वाफ्याच्या मातीत बोट खुपसलं. बोट आत गेलंच नाही. माती वाळून दगड झाली होती.

३

खाली येताना त्यांना स्विमिंग पुलाशी रेशमी झगा भेटला. भेटला म्हणजे अंगावर आला.

“तुम्हीच ते परीक्षक ना? मग ह्याचंही परीक्षण करा. हे बघा!”

पूल टेकडीच्या कडेला होता. काठोकाठ भरलेला, म्हणजे पाण्यात उभं राहिलं की पुलाचं पाणी आणि खालचं सरोवर एकच वाटावं, अशी त्याची रचना. इथल्या प्रत्येक जाहिरातीत तोच फोटो होता. आज मात्र दोन्हींच्या मध्ये टाइल्सची ओली, निळी पट्टी दिसत होती.

“मी काय टाइल्स बघायला आलोय? सकाळी फोटो काढायला आलो तर हे! आणि ते दादासाहेब, बाईंचे चिरंजीव, रोज माझ्याबरोबर पोहतात, ते आज फिरकलेच नाहीत. शेवटी वैतागून सरोवरात उडी मारली. नैसर्गिक पाणी! काय ताजं वाटलं म्हणून सांगू. थोडं तोंडातही गेलं, पण चव छान होती.”

“पूल... रोज भरलेला असतो?”

“अहो, न भरलेला पूल असतो का कुठे? चष्मा बदला.”

मास्तरांनी चष्मा पुसला. पट्टीपेक्षा तिथल्या वासाने त्यांना जास्त वेळ थांबवून ठेवलं. धुलाईच्या दुकानाचा वास. पण त्यांना विचार करायला कोणी वेळ देईना, कारण स्वयंपाकघरातून आरडाओरडा ऐकू येऊ लागला होता.

बाईसाहेब एका कपाटासमोर उभ्या होत्या. कपाट सताड उघडं, आणि आत पिंपात पांढरी पावडर. आचारी भिंतीला पाठ लावून उभा.

“ब्लीचिंग पावडर!” बाईसाहेब मास्तरांना म्हणाल्या. “ह्या घरात जिच्यावर बंदी आहे ती. माझ्याच छपराखाली!”

“हो, वापरतो!” आचारी उसळला. “काय करू? वहिनींचा नियम : लाकडी पाट लिंबाने घासा, फरशी राखेने पुसा. मासळीचा वास जातो का लिंबाने? पाहुणे नाक मुरडतात, मग तुम्हीच माझं डोकं खाता. वहिनींचा नियम पाळू की तुमच्या शिव्या खाऊ? ज्याला निसर्ग सांभाळायचाय त्याने येऊन भांडी घासावी!”

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“वर्ष होऊन गेलं असेल. रोज दुपारी, रोज रात्री. धुतो आणि मोरीत सोडतो.” मग एकदम त्याचा आवाज बसला. “मला काय माहीत मासे मरतील. मी त्यांना रोज पाव घालायचो हो.”

“झालं तर,” बाईसाहेब म्हणाल्या. “मोरीतून वाफ्यात, वाफ्यातून तळ्यात. हा मारेकरी, आणि ह्याच्या हातात हत्यार देणारे ते वाफे. चूल सोड, एप्रन काढ. परीक्षकसाहेब, आता तरी लिहाल?”

आचाऱ्याने एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला. गाठ सुटेना.

“नका सोडू,” मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनाही वाटलं, हे कोण बोललं?

“म्हणजे... मला चुकीचं वाटत असेल. वाटतंय तसं पुष्कळदा. पण ह्याने मासे मारले नाहीत. आणि त्याहून वाईट गोष्ट इथे घडलीय.”

४

ते सगळे तळ्याकाठी जमले. मास्तरांनी तसं सुचवलं नव्हतं, पण भांडण जिथे चालतं तिथे माणसं आपोआप जमतात. बाईसाहेब खुर्चीत, मुलगा त्यांच्यामागे. सून ग्रीसचे हात पुसत पायरीवर. आचारी दारात. रेशमी झगा निमंत्रण नसताना पहिल्या रांगेत.

मास्तर बोलायला उभे राहिले आणि त्यांना वर्गात पहिल्यांदा उभे राहिल्यासारखं झालं. कोणीतरी हसलं.

“आचाऱ्यांनी रोज मोरीत पावडर सोडली. रोज. ती वाफ्यात गेली असती तर गोगलगायी केव्हाच संपल्या असत्या. त्या जिवंत आहेत. मी बघितल्या. बेडूकही आहे एक.”

“म्हणजे वाफे चांगलं काम करतायत!” सून उठून उभी राहिली.

“नाही,” मास्तर म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून त्यांना पुढचं गिळून टाकावंसं वाटलं. “वाफे कामच करत नाहीत. वरचा वाफा कोरडा आहे. झाडं उपाशी आहेत. सांडपाणी तिथे येतच नाही, बाई. किती महिने झाले असतील कोण जाणे.”

“मग जातं कुठे?” झग्याने विचारलं.

मास्तरांनी खाली, होड्यांच्या धक्क्याकडे, सरोवराकडे पाहिलं.

झग्याने त्यांच्या नजरेचा माग घेतला. त्याने तोंडावर हात ठेवला आणि तो घाईघाईने आपल्या खोलीकडे निघाला.

“खोटं!” बाईसाहेब ओरडल्या. “वाफ्यात पाणी येत नाही तर तळं कशाने भरतं? मी रोज पिते ते काय आकाशातून पडतं?”

“बोअरमधून,” मास्तर म्हणाले. “म्हणून शेवटचा वाफा तेवढा हिरवा. बोअरचा नळ गुपचूप तिथे जोडला असणार. स्वच्छ पाणी, मासे खूश, गोगलगायी खूश. तुम्हीही.”

सून हळूच खाली बसली. “आणि काल मी बोअर बंद केला.”

“सगळ्यांसमोर सांगून. ज्याला खरं माहीत नव्हतं त्याला त्यात काही वाटलं नाही. बागेचं पाणी, एक दिवस. पण एका माणसाच्या काळजात धस्स झालं. तळ्याचं पाणी खालच्या बागेला जातच राहतं. नवं आलं नाही तर सकाळपर्यंत तळ्याचा तळ दिसणार, कारंजं बंद पडणार. आणि तेही परीक्षक न्याहारीला बसलेला असताना. त्या माणसाला कुठूनतरी पाणी हवं होतं. जवळ भरलेला पूल होता.”

आता कोणीच हसत नव्हतं.

“पुलाचं पाणी आज टाइल्सच्या पट्टीएवढं खाली गेलंय. नळी लावून ते इथे, कारंज्याच्या बाजूला सोडलं. पुलाच्या पाण्यात औषध असतं, जंतू मारायचं. माणूस त्यात पोहतो, एखादा घोट पोटात गेला तरी काही होत नाही. माशाचे मात्र कल्ले जळतात. ते त्या पाण्यापासून लांब पळाले, पळता येईल तितके. म्हणून सगळे पलीकडे, गाळणीच्या तोंडापाशी मेले. विष गाळणीतून आलं असतं तर ते नेमके तिथेच कशाला गोळा झाले असते?”

“माझ्या बाहीलाही त्याच औषधाचा वास आला होता,” त्यांनी ओशाळून जोडलं. “मी नाकावर विश्वास ठेवला नाही.”

“नळी कोणी लावली?” सुनेने विचारलं. तिचा आवाज चाकूसारखा झाला होता. “चहाला आम्ही सगळेच होतो. आचारीदादा चहा देत होते. आई होत्या. कोणी?”

मास्तरांना उत्तर सकाळीच मिळालं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ते तोंडून काढलं की या घरात कोणाचं काय मोडेल हेही त्यांना दिसत होतं.

५

“सकाळी बाईसाहेबांनी पेला भरला,” ते शेवटी म्हणाले. “समोर मेलेले मासे. कोणालाही वाटेल, पाण्यात विष आहे. आचाऱ्यांच्या हातून तबक पडलं. पाहुणा मागे सरला. मी ओरडायला गेलो, जमलं नाही. सूनबाई आत होत्या, त्या धावत आल्या. सासूशी त्यांचं कसं आहे ते कालपासून मीही बघतोय. तरी आल्या.”

बाईसाहेब आपल्या मनगटाकडे बघत होत्या. तिथे बोटांचे वळ उठले होते.

“पेल्याच्या सगळ्यात जवळ एकच माणूस होता. तो चहा ढवळत राहिला. मला आधी वाटलं, धक्का बसला असेल. माझंच होतं तसं. पण नंतर त्याने लगेच रुमाल काढून दिला, सगळ्यांची समजूत घातली. धक्का बसलेला माणूस असा वागत नाही. त्याला धावायची गरजच वाटली नाही. पाण्याने आईला काही होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.”

बाईसाहेब मागे वळल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवरचे मुलाचे हात मात्र त्यांना जाणवले असावेत, कारण त्या किंचित पुढे सरकून बसल्या.

“हे काय...” मुलगा हसला. हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. “मास्तर, चहा ढवळला म्हणून गुन्हेगार?”

“चहात साखर घालतच नाही तू,” सून म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. मग त्याचा तो गोड, मृदू आवाज फुटला.

“तूच म्हणाली होतीस ना, हे पाणी पिण्यासाठी नाही? झाडांना चालेल, माशांना चालेल, माणसाला नाही. आणि आई पेला घेऊन उभी राहिली पाहुण्यांसमोर. टाळ्या पडल्या. मग रोजच. मी काय करू? आईला सांगितलं असतं, पिऊ नकोस, तर म्हणाली असती, बायकोचं ऐकतोस. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तमाशा बंद करा. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हता! म्हणून मी वरून सांडपाणी काढलं आणि बोअर जोडला. आईला काही होऊ नये म्हणून! शिवाय वरच्या खोल्यांना वासही यायचा, पाहुण्यांची कुरकुर होती. सगळेच खूश झाले. कोणाचं काय वाईट झालं?”

“सरोवराचं,” सून म्हणाली.

“अगं, एवढं मोठं सरोवर...”

“आणि माझं. आज आईंनी मला घराबाहेर काढलं, माझी विद्या निकामी ठरवली, आचारीदादांची चूल जाणार होती. तू मागे उभा होतास. रुमाल घेऊन.”

“मी मास्तरांना सांगितलं होतं की मासे म्हातारे होते असं लिहा! मी तुलाच वाचवत होतो!”

“तू कोणालाच वाचवत नव्हतास,” बाईसाहेब म्हणाल्या. चहाची गोष्ट निघाल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. “मला वर्षभर खोटं पाणी पाजलंस. आणि मी ते शेखी मिरवत प्यायले.”

मुलाने खुर्चीवरचे हात काढून घेतले. पुढे काय करायचं त्या हातांचं, हे त्याला कळेना.

६

दुपारी मास्तरांनी हिरवं पान काढून घेतल्याचं लिहिलं. संस्थेला आपण हजारदा लिहून खोडू असं त्यांना वाटलं होतं, पण एकदाच लिहिलं आणि खोडलं नाही. कारणही लिहिलं : सांडपाणी सरोवरात. वाफ्यांविषयी वेगळं वाक्य टाकलं : वाफे बिघडले असं म्हणता येत नाही, कारण त्यांना काम दिलंच गेलं नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. झग्याने गाडी मागवलीच होती. त्याच्यापाठोपाठ आणखी दारं उघडली, चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडल्या. मनाला बोचणी न लागता चैन करायला आलेली माणसं नाराज होऊन निघाली, आणि जाताना ती माशांवर नाही, मास्तरांवर चिडलेली होती.

“तुम्ही खाताय ते पचतं का हो तुम्हाला?” एका बाईंनी गाडीत बसता बसता विचारलं. मास्तरांना उत्तर सुचलं तेव्हा गाडी वळण ओलांडून गेली होती.

ते निरोप घ्यायला उतारावर गेले. पाठीमागे, फाटकाशी, माती लोटायचं यंत्र उन्हात तसंच उभं होतं. वरच्या वाफ्यापाशी सून जमिनीवर उकिडवी बसून गंजलेला व्हॉल्व्ह फिरवत होती. सांडपाणी धक्क्याखाली सरोवरात नेणारा चोरनळ तिने आधीच बंद केला होता. नवरा आसपास कुठे दिसत नव्हता, आणि तिने त्याला शोधलंही नव्हतं.

व्हॉल्व्ह करकरला. नळाने खोकून हवा सोडली, मग काळसर, दाट पाणी भसकन बाहेर आलं आणि वाळलेल्या मातीवर पसरलं. मातीने ते असं ओढून घेतलं की आवाज ऐकू आला. पाठोपाठ वास आला. असा की मास्तरांचे डोळे पाणावले. या वेळी नाकावर शंका घ्यायला जागाच नव्हती.

पदर नाकाशी धरून कोणीतरी वर चढत होतं. बाईसाहेब होत्या. वाटेत दोनदा थांबल्या, पण आल्या. वाफ्याच्या कडेला उभं राहून त्यांनी त्या पिवळ्या पात्यांकडे पाहिलं.

“किती दिवस येणार हा घाणेरडा वास?”

“मुळं पुन्हा जोर धरेपर्यंत,” सून वर न बघता म्हणाली. “आचारीदादांची पावडर बंद झाली तर लवकर. नाहीतर सगळं मरेल.”

“आणि तोवर पाहुणे?”

“येणार नाहीत.”

“वरच्या खोल्या बंद ठेवाव्या लागतील.”

“सगळ्याच ठेवा.”

बाईसाहेबांनी खाली पाहिलं. रिकामी टेबलं, रिकामा काठ, आणि तळ्यात अजून कोणी न काढलेले मासे. नाकावरचा पदर त्यांनी काढला, एक श्वास घेतला, तोंड वाकडं केलं, पण पदर परत लावला नाही.

“ते यंत्र परत पाठवते,” त्या म्हणाल्या. “पण हे बघ.” त्यांनी मनगट पुढे केलं. वळ आता निळे पडले होते. “हे मी विसरणार नाहीये.”

“नकाच विसरू,” सून म्हणाली आणि व्हॉल्व्ह आणखी एक वेढा उघडला.